मुद्देमाल क्रमांक सात

ठाण्याच्या आवारात, लिंबाखाली,
सतरंजीवर मांडून ठेवलेत
दोन गंज, एक कोपर, तीन गडवे,
झाकण नसलेला डबा, सराटा,
आणि तांब्याचा एक गुंड.
"चारी बाजूनं घे," नरड हवालदार म्हणतात,
"पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून.
कोर्टाले लागते."

मी लग्नातला माणूस.
हळदीचे हात, मांडवातले मामे, रुसलेले जावई,
त्यांना पुढची बाजू असते, मागचीही असते.
गुंडाची पुढची बाजू कोणती?
मी त्याच्याभोवती चार वेळा फिरलो.
चारही फोटोंत तोच गुंड,
सावली तेवढी
पार्टी बदलावी तशी इकडून तिकडे गेली.

बेस्तरवारी पार्बताबाई कुंभरे आल्या.
तोवर भांडी गोणपाटात शिवून, लाख लावून
हिंगणघाटला पोचलेली.
टेबलावर माझे फोटो.
त्यांनी पदरानं फोटो पुसला,
दूर धरला, नाकाशी धरला.
"नाही बाप्पा. हा माहा नोहे."
"काहून नोहे? तुमीच तं रिपोट देला!"
"देला ना.
पन असा उभ्यानं म्या त्याले पाह्यलाच नाही कधी.
म्या वाकून पाह्यतो. वरून. गऱ्याच्या आत.
तिथं काया पान्यात
आंगठ्याएवढा उजेड असते.
थो दाखव, मंग सांगतो."

सून मागं उभी होती.
तिनं फोटोकडं बघितलंच नाही.
"मले कमरेवर समजते," ती म्हणाली,
"पोचा इथं लागते, हाडापाशी."
आणि हात तिथं नेला, आणि लगेच काढला.
तिचा पोरगा टेबलाखाली शिरला होता,
तिथूनच ओरडला,
"खालून काया हाये तो!
खिळ्यानं बोकड काढला म्या त्याले!"

वरची बाजू. खालची बाजू. कमरेची बाजू.
चारात एकही नव्हती.

नरडांनी लिहिलं, ओळख पटली नाही.
मग चार अर्ज, दोन चहा, एक पत्र,
आणि आम्ही सगळे हिंगणघाटला,
लाख फोडून.
मी नळाचं पाणी भरलं गळ्यापर्यंत,
स्टुलावर चढलो,
पत्र्याच्या भोकातून ऊन खाली यायची वाट पाहिली.
शिपाई म्हणाला, लगन लागून राह्यलं काय इथं?
मी बटण दाबलं.

तांब्याचं कडं. आत काळोख.
काळोखात उजेडाचा ठिपका.
"हा!" पार्बताबाई एवढंच म्हणाल्या,
आणि ठिपक्यावर बोट ठेवलं.
"पन इथं हा कोन होय बावा?"
पाण्यात एक डोकं होतं,
एका डोळ्याच्या जागी कॅमेरा.

साहेब म्हणाले, हा चालणार नाही,
फोटोत फोटोग्राफर आहे.

त्या रात्री मी घरात पोटावर सरपटलो.
मुंगीच्या उंचीवरून पाट म्हणजे केवढा पूल.
चहाची गाळणी उजेडाकडं धरली
तर आत पांदणीसारख्या किती वाटा.
निर्मला माळ्यावरून तुरीची डाळ काढत होती,
वरूनच बोलली,
"टक्कल पडलं तुमाले. तीन सालं झाली."
मला माहीतच नव्हतं.
रोज आरशात पुढूनच पाहतो ना.

तारखा पडतात.
गुंड अजून तिथंच, गळ्यात चिठ्ठी, क्रमांक सात.
परवा दुसऱ्या कामानं गेलो
तर त्यात कुणाचीतरी छत्री उभी.
वाकून वरून पाहिलं.
कोरडाठाक, एक मेलेला झुरळ.
मग इकडंतिकडं बघून
छत्री काढली, गुंड उलटा केला.

काजळी बरीच पुसली गेलीय.
बोकडाचं एक शिंग आहे अजून,
आणि तीन पाय.