हातचा

सोहारच्या फ्रीझोनमध्ये, कंटेनरच्या ऑफिसात
एसीचं पाणी बादलीत टपटपतं
आणि मी वितरण केंद्राचं वेळापत्रक मांडतो.
दोन हजार एकशे चौदा पट्ट्या.
निळ्यांना जरा हलायला जागा आहे. लाल पट्ट्यांना नाही.

या जागेला इथे फ्लोट म्हणतात.
मराठी शब्द आठवेना. मग आठवले शिंत्रे मास्तर,
फळ्यावर खडू आपटत:
बेरीज येते रे तुला, हातचा विसरतोस.

लाल म्हणजे फरशी.
तिच्यावर चाळीस फूट उंच रॅक उभे राहणार;
खाली केसाएवढी चूक
वर बोटभर झुकते.
म्हणून काँक्रीट रात्री, बर्फ घालून.
जूनपासून दुपारी काम बंद, ते कॅलेंडरमध्ये आहे.
ईद आहे, शुक्रवार आहे,
समुद्रात कुठेतरी असलेलं रॅकचं जहाज आहे.
टेकबहादूर घर्ती नाही.
तो आहे 'लेझर स्क्रीड ऑपरेटर, संख्या १'.
ते मशीन फक्त त्याचं ऐकतं.

सोमवारी दारात उभा राहिला, बूट बाहेर काढून.
कंटेनरला कोण बूट काढतं?
म्हणाला, गावी माझ्या घराचा स्लॅब आहे.
भाऊ म्हणतो, पातळी तूच बघ.
अकरा दिवस.

मी ट्रक लागायच्या धक्क्याचे खड्डे आधी घेतले,
तिसरा पट्टा मागे सरकवला,
रंगाऱ्यांना छताकडे पाठवलं.
नऊ निघाले.
उरलेले दोन कुठून काढले
ते मी कुणाला सांगणार नाही.
आणि एक नवी ओळ घातली:
१४७०, पृष्ठभाग स्थिरीकरण, अकरा दिवस.

आढावा बैठकीत इंजिनिअर बद्रिया अल-मक्बाली यांचं पेन
नेमकं तिथेच थांबलं.
हे काय?
क्युरिंग, मी म्हणालो.
काँक्रीटचं?
मी पाण्याची बाटली उघडली.
त्यांनी पान उलटलं.

जहाज शेवटी बारा दिवस उशिरा आलं.
म्हणजे एवढी चोरी करायची गरजच नव्हती.

नवव्या रात्री फोटो आला.
घर नाही, माणसं नाहीत.
ओल्या सिमेंटवर ठेवलेली लेव्हल,
कडेला बांबूचं टोक, कुणाचा तरी अंगठा,
आणि काचेतला बुडबुडा
दोन रेघांच्या बरोबर मध्ये.

मी झूम करून पाहिला.
सवय.