भात्यामागून

माझी जागा ऑर्गनच्या पाठीमागे.
भाते दोन; डावा जरा फाटका, शिंकणारा.
कुंभार चिखल तुडवतो तसे
आळीपाळीने पायांनी दाबायचे.
कांटोर क्रेनवेटचं संगीत मला आधी पोटऱ्यांत कळलं,
कानांत नंतर.

ते आले तेव्हा चर्चमध्ये बारा आवाज होते.
सहा या सज्ज्यात, सहा समोरच्या,
इकडून हाक, तिकडून ओ,
आणि मधली हवा देवासाठी मोकळी.
माझ्या भात्यांना तेव्हा धाप लागायची.

मग स्वीडिश आले. मग सम्राटाचे.
मग पुन्हा स्वीडिश, की तेच, कोण विचारतो.
उन्स्ट्रुट नदी गोठली त्या साली
ऑर्गनच्या मोठ्या नळ्या उपटून नेल्या त्यांनी.
शिसं हवं होतं.
आमच्या स्तोत्रांचा खर्ज वितळून गोळ्या झाला,
कुठल्या बांधावर, कुणाच्या बरगडीत थांबला
ठाऊक नाही.
कांटोर म्हणाले, "कुन्त्स, आता वरच्यावरच गायचं."

मग प्लेग.
बाराचे सात झाले, साताचे पाच.
पोर गेलं की दुसऱ्या दिवशी
त्याचे सूर उरलेल्यांत वाटून टाकत ते,
मेलेल्या भावाचा अंगरखा धाकट्याला घालावा तसे,
बाह्या दुमडून.

ओटिलिएबाई गेल्या त्या रात्री
त्यांनी मला उठवून आणलं.
मेणबत्ती नव्हती.
तासभर मी भाते दाबले,
तासभर त्यांनी एकच पट्टी दाबून ठेवली.
एकच सूर. ना वर, ना खाली.
मला वाटलं, माणूस गेला कामातून.

महिनाभराने तो सूर परत आला,
भोवती चार आवाज घेऊन.
शब्द लॅटिन; मला त्यातलं "मिझेरेरे" तेवढं कळायचं,
तेही भुकेसारखं.
वरचे रडत, खालचे समजूत काढत,
आणि मधला कुणाचंच न ऐकता
तिथेच उभा.

तो मधला त्यांनी फाइटला दिला,
चांभाराच्या पोराला.
त्याचे हात कायम गार.
भात्याजवळ ऊब असते म्हणून
माझ्या फळीवर येऊन बसायचा,
गाण्याआधी माझ्या कानाशी गुणगुणून बघायचा.
पुढे एका नगाऱ्यामागे तोही निघून गेला.
त्याच्या सुरांची वही सदऱ्यात होती, म्हणतात.

कांटोर फेब्रुवारीत वारले.
गावाकडे त्यांचं सहा वर्षांचं सातू येणं होतं.
पाच वह्यांपैकी चार कपाटात सापडल्या.

नवे कांटोर लायप्झिगला शिकलेले, भला माणूस.
म्हणाले, "मधला आवाज हरवलाय. हरकत नाही, मी लिहितो."
लिहिला. छान लिहिला.
बाकीच्यांच्या आदबीने चालतो,
सगळ्यांना वाट देतो,
कुठे चुकत नाही.
लोक डोळे पुसतात.

मी काय बोलणार?
मला लिहिता येत नाही,
आणि भातेवाल्याला
पगाराच्या दिवशीही कोणी विचारत नाही.
पण ते स्तोत्र लागलं की
ओठ मिटून
तो जुना एकच सूर मी धरून राहतो.
नव्यावर घासतो तो मध्येमध्ये,
दाताखाली खडा यावा तसा.
डावा भाता शिंकतो, त्यात झाकून जातं.

परवा मात्र
खालच्या शेवटच्या बाकावरच्या म्हातारीने
मान वळवून वर पाहिलं.
चांभाराची बायको.

पाय थांबवता येत नाहीत मला.
नाहीतर खाली गेलो असतो.