डाग

कीटमन्सहूपच्या गॅरेजात
मेंढ्यांची लोकर तोलायच्या काट्यावर
हेन्ड्रिक स्वार्टबूईने ठेवला जुना रेडिएटर.
तांबं-पितळ. साडेअकरा किलो.
मग नवा, ॲल्युमिनियमचा: पाच.

‘तांब्यातून उष्णता धावते,’ तो म्हणाला,
‘पण कथलाच्या डागाशी अडखळते.
याच्या नळ्या रुंद, सांधे एकजीव.’
एल्सीने दोन्हींत पाणी भरून पुन्हा तोललं;
ते कुणी हिशोबात धरलंच नव्हतं.

भर दुपारी, चढावर,
नव्याची सुई नव्वदला थांबली,
जुन्याची एकशे चारला गेली होती.

तरी जुना विकला नाही.
नवा वाळवंटात फुटला
तर कोण जोडणार?
पितळेला डाग देता येतो
शेकोटीवरसुद्धा.

वडिलांनी दिलेले सात आहेत.
अंगठ्याने चाचपतो.
आठवा त्याचा स्वतःचा,
जरा ओबडधोबड.