रात्री आलती

तिचं नाव रात्री.
त्यामुळं पहिल्या दिवसापासनं घोटाळा.
'रात्री आलती' म्हटलं की आई विचारायची,
'कोण आलतं? किती वाजता?'

जोगजाकर्ताची. विद्यापीठात शेवाळावर कायतरी शिकायला.
रंकाळ्याचं पाणी बाटलीत भरायची,
चिठ्ठी लावून तारीख घालायची,
आणि काम संपलं तरी कठड्यावरनं उठायची नाही.
'आता काय?' मी.
'काही नाही. नोंगक्रोंग.'

मन्सूर बागवान चहा सांडेस्तोवर हसला.
मला वाटलं, टमरेल पडलं बादलीत.

'चार जणांनी बसायचं. कारण नसताना.'
'अगं, त्याला आम्ही कट्टा म्हणतो!'
'कट्टा ही जागा झाली,' ती म्हणाली,
'तुमच्याकडं क्रियापद नाही.'

होती की.
उंडगणं. बोंबलत फिरणं. गाव कोळपणं.
पण ती सगळी बापलोकांनी ठेवलेली,
आणि आम्ही त्यांचंच खाल्लेलं,
त्यामुळं वापरायचो.

तिचं जॅकेट कुठल्यातरी कोरियन शाळेच्या टेनिस संघाचं.
तिकडं म्हणे जुन्या कपड्यांचा गठ्ठा फुटायच्या दिवशी
पोरंपोरी पहाटेपासनं रांगेत.
आई म्हणाली, 'जुन्यावर आम्ही पातेलं घेतो.'
आणि भांडीवालीसाठी बांधलेलं बोचकं सोडून दाखवलं.
त्यातनं रात्रीनं अण्णांचा शर्ट ओढला,
टेरिलीनचा, कॉलर हत्तीच्या कानाएवढी,
फाउंड्रीत पहिला पगार झाला तवाचा.
स्कार्फवर तो घालून फिरली राजारामपुरीभर.
तिच्या गावाकडनं तीनशे बदाम आले त्या फोटोला.
अण्णा काय बोलले नाहीत.
पुढं दोन दिवस आरशापुढं जरा जास्त थांबत होते.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर
म्हशीच्या कासेखालचा गरम पेला तिनं दोन्ही हातांत धरला,
वरचा फेस बघत राहिली.
दादू गवळी म्हणाला, 'पी बाई, फेस बसला की चव गेली.'
पिऊन झाल्यावर, मिशी तशीच ठेवून,
तिनं आणखी एक वाक्य शिकवलं.
'काबूर आजा दुलू.'
तिकडच्या पोरांचं सध्या हेच चाललंय म्हणे.
डिग्री आहे, नोकरी नाही,
आधी पळा तर इथनं,
बाकीचं नंतर बघू.

ह्याला मात्र मन्सूर हसला नाही.
त्याच्या खिशात हिंजवडीचं पत्र होतं, आठ दिवसांचं,
घरात अजून सांगितलेलं नव्हतं.
मी हिशेब करत बसलो:
समुद्र ओलांडून ही पळून आली
ती आमच्या गावाला,
आणि आम्ही इथनं पळणार, पुण्याला.
मग पुण्याची पोरं कुठं जातात?
आणि जोगजाकर्ताला कोण येतं पळून?
कुणीतरी कुठंतरी बसलेलं असणारच की,
नाहीतर एवढे कठडे कशाला बांधलेत.

मार्चात ती गेली.
मन्सूर त्याच्या आधीच.
मी शिरोलीला पहिल्या पाळीत, कोअर शॉपला,
वाळूत हात, कानात भट्टी.
सुटल्यावर एकटाच जातो कठड्यावर.
एकट्याला ते क्रियापद चालत नाही,
तिनं सांगितलंवतं. कमीत कमी दोघं लागतात.
दादू गवळी मात्र लांबनं वरडतो,
'काय भावा, नोंगक्रोंग?'
त्याला वाटतं, तिकडचा रामराम असंल.

आई अजून मुद्दाम विचारते,
'रात्री आलती का रे?'
'रोज येते की,' मी म्हणतो,
'बसत नाही पहिल्यासारखी.'

एक बाटली राहिलीय आमच्यात, खिडकीत.
पाणी होतं ते आता हिरवं झालंय,
उन्हाच्या बाजूनं जास्त.
मी टाकायला निघालो, तर अण्णा म्हणाले,
'राहू दे. तारीख घातलीय त्यावर.'