गार न पडलेली जागा

वणीच्या रस्त्याला, कोळशाच्या धुळीनं
काळ्या पडलेल्या बाभळींमागे
डाहुल्यांचं टिनाचं शेड आहे.
तिथं ट्रकच्या पाट्यांवर छर्रे मारतात.
ज्वारीच्या कणीएवढे पोलादी छर्रे,
बंद पेटीत, कान बधिर होईस्तोवर.

एकेक छर्रा एकेक खळी पाडतो.
खळीतलं लोखंड पसरू बघतं,
खालचं म्हणतं, जागा नाही.
मग वरचा थर आखडून बसतो,
बाजाराच्या दिवशी एसटीत
तिघांच्या बाकावर पाचजण बसतात तसा.
एवढ्या दाटीत भेग शिरणार कुठून?

डोळ्याला यातलं काही दिसत नाही.
पाटा तेवढा राखाडी होतो.
म्हणून मी नागपूरहून येते,
एक पेटी आणि दाताच्या डॉक्टरसारखं ड्रिल घेऊन.

टिकलीएवढी तारांची जाळी चिकटवायची,
तिच्या मधोमध भोक पाडायचं.
मिलिमीटरचा विसावा भाग. थांबायचं. आकडा लिहायचा.
पुन्हा विसावा भाग.
आखडलेलं लोखंड भोकाकडे जरासं सरकतं.
जाळी अधिक दाखवते
तेव्हा मी वहीत वजा लिहिते.
वजा चारशे ऐंशी.
खरवडल्याशिवाय ते सांगत नाही,
आणि सांगितलं की तिथं ते उरत नाही.
आमच्या विद्येची ही लाज. कुणी विषय काढत नाही.

सुदाम खाती दारात स्टुलावर बसून बघत होते.
जन्मभर विळे थंडेच ठोकलेला माणूस.
"लोखंडाले भोक पाडून काय विचारतं माय?"
उठले. अंगठ्याचं नख पाट्यावरून ओढलं,
कर्र, कर्र, कर्र,
आणि एका ठिकाणी सर्रकन घसरलं.
"इथं गार नाही पडली."

चिमट्याची जागा होती ती. दोन बोटं रुंद.
तासाभरानं माझा आकडा आला, वजा चाळीस.

"बाकी जागी किती आत जाते?" त्यांनी विचारलं.
पाव मिलिमीटर.
"बस?"
बस.
"अन् त्याच्या खाली?"
खाली ओढ. वरच्या दाबाएवढीच, पण पसरलेली.
बेरीज शून्य.
ते बराच वेळ पाटा बघत राहिले.
"म्हणजे पातळ असता अन् सोडला असता, तं वाकला असता."
हो, म्हटलं. अगदी तसंच तपासतात, पातळ पट्टीवर.
त्यांना त्याचं काही नवल वाटलं नाही.

त्या खेपेत बेचाळीस पाटे होते.
एक माझ्यासमोर. एकेचाळीस गेलेले,
कुणी घुग्घुसला, कुणी राजुऱ्याला, तोच चिमटा, तीच जागा.
डाहुल्यांचा रोशन फोन लावत बसला.
ड्रायव्हर उचलेनात.
संध्याकाळी एकानं उचलला,
"काट्यावर हाय भाऊ, भरून झालं."
किती टन, रोशननं विचारलं.

तो हसला.
मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.