धाकटा काटा

गिरगावात बत्तीस वर्षं मी कवळ्या बनवतो,
त्यामुळे क्रॉफर्ड मार्केटात मुश्ताकभाईनं काचेशी उभं केलं
तेव्हा रंगाआधी जबडा पाहिला.

क्लाऊन ट्रिगर. पोटावर टपोरे पांढरे ठिपके,
ओठांना पिवळी किनार, वरातीला निघाल्यासारखा.
"थोबाडावर जाऊ नका, साहेब.
दोन वर्षांनी टाकीत हा एकटाच असेल."
केशरी पट्ट्यांचा त्याहून देखणा.
मुश्ताकभाईनं नुसतं बोट दाखवलं. नखाखाली अर्धवर्तुळ, जुनं.
निळ्या हनुवटीचा गरीब स्वभावाचा, पण किंमत ऐकून
मी चष्मा पुसायला घेतला.

घरी नारिंगी जोडी आहे,
एक म्हातारी गोबी,
आणि मुलीनं जिचं नाव धोबीण ठेवलंय ती कोळंबी.
"कोळंबी कुणाला तरी देऊन टाका. ट्रिगरला ती फरसाण."
टाकी किती? सहा फूट.
(आमच्या सेक्रेटरी गद्र्यांनी टेप लावून मोजलीय,
स्लॅब पेलेल की नाही म्हणून.)
"मग नायजर न्या."

नायजर. शाईसारखा निळा, शेपटीची दोन टोकं लांबवलेली.
आणि दात लाल.
आयुष्यभर मी पांढऱ्याच्या सोळा छटा जुळवत आलो,
लाल कुणी मागितलाच नव्हता.

पिशवी बांधताना तो म्हणाला,
"रात्री दगडाच्या फटीत शिरेल, पाठीचा काटा उभा करून
स्वतःला अडकवून घेईल. घाबरू नका. ओढू तर मुळीच नका,
मोडेल पण निघणार नाही.
मोठ्या काट्यामागं धाकटा असतो,
तो दाबला की मोठा आपला आपण मिटतो."

आई गेल्यापासून बाबा आतून कडी लावतात.
आम्ही दार वाजवतो, हाका मारतो, जेवण गार होतं.
मग मुलगी चटईवर पेपर पसरते, दाराला पाठ लावून:
"आजोबा, सात उभा. चार अक्षरं. शेवटी 'ळ'."
थोडा वेळ काही नाही.
मग कडी.

त्या रात्री तेच बाहेर आले, पाणी प्यायला,
कवळी वाटीत काढून ठेवलेली.
नायजर अजून फटीत गेला नव्हता.
काचेशी आला, तोंड उघडलं.
बाबा वाकून बराच वेळ बघत राहिले.
"हे काम तुझं?" म्हणाले, बोळक्या तोंडानं.
"रंग चुकलाय."