लर्विकमधला एका रात्रीचा मुक्काम

बोयाला बांधाल तर रात्रभर डुलाल,
ब्रेसेच्या फेरीच्या लाटा थेट उशाशी.
धक्क्याला जागा नाही,
गिबी म्हणाला, वहीतून मान न काढता.
राहता राहिला तो निळा ट्रॉलर.
लागा त्याच्या कुशीला,
पण तो पहाटे चारला निघतो.

चारला तर चारला, तूरिद म्हणाली.
तीन रात्री समुद्रानं उठवलंय,
आज माणूस उठवील.

साडेतीनचा गजर लावला.
वाजला असेल.

सातला डोकं बाहेर काढलं
तर ट्रॉलर नाही,
आमची होडी धक्क्याला,
ओहोटीचा हिशेब करून दोर सैल,
आणि गाठ
आमच्यात कुणालाच न येणारी.

निघताना चाकू घेऊन वाकलो.
बोट लावलं,
सुटली.